उपरण्याखालचा आकडा

मेडिकल कॉलेजात मी पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. मेंदूचा धडा आला की पोरं बाकावर सरसावून बसायची, कारण ह्या धड्याला बाई हमखास चिडतात हे वरच्या वर्गानं त्यांना सांगून ठेवलेलं असायचं. चिडायचे, खोटं कशाला बोलू. कुणीतरी हुशार उठून म्हणायचं, ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन,’ की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हातातला खडू मी टेबलावर आपटायचे. ‘आनंदाचं? कुणी सांगितलं तुला? आमच्या घरी यायला हवं होतंस, बहात्तर साली. दाखवला असता आनंद.’ वर्ग खो खो हसायचा. मग मी गुपचूप फळ्याकडे तोंड करून आकृती काढायला लागायचे.

आमचं घर घोडेगावात. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दादा जनावरांच्या बाजारात दलाल होते. दलाल म्हटलं की शहरातली माणसं नाक मुरडतात. मुरडा खुशाल. विकणारा एका गावचा, घेणारा दुसऱ्या गावचा, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि दोघांचा भरवसा फक्त मधल्या माणसावर, असं ते काम होतं. भाव तोंडानं बोलायचा नाही. खांद्यावरचं उपरणं हातावर टाकायचं, त्याच्या आड समोरच्याचा हात धरायचा आणि बोटांनी आकडा सांगायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा मुठीत घेतला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आकडा पटला की उपरणं उचलायचं. उपरणं उचललं, सौदा झाला.

लहानपणी दादा ओसरीवर बसून माझ्याशी हाच खेळ खेळायचे. ‘बोला शेठानीबाई, कितीला देता म्हस?’ मी त्यांची जाड बोटं माझ्या चिमुकल्या हातात मावतील तेवढी दाबायचे. एकदा उपरणं उचलल्यावर मी विचारलं, ‘दादा, तुमी तीन म्हनला का चार?’ तर माणूस एकदम गंभीर झाला. म्हणाले, ‘पोरी, उपरणं उठलं की परत इचारायचं न्हाई. परत इचारलं म्हंजी समोरच्याच्या हातावर आपला इस्वास न्हाई.’ ते जे डोक्यात बसलं ते बसलंच.

आणि नेमका त्याच हाताला कंप सुटला.

एकाहत्तरचा उन्हाळा असेल. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तंबाखू मळावी तशी एकसारखी हलायची. दादा तंबाखू खात नव्हते. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल, जाईल. बाजारात मात्र कहर झाला. कंपानं एक बोट निसटायचं, दुसरं हाती यायचं. दादांनी तीन सांगावं आणि समोरच्याच्या हाताला चार लागावं. उपरणं उठल्यावर एका बागाईतदारानं भर बाजारात त्यांची गचांडी धरली. दादा सांगत होते, ‘आवं, हात हालतोय माजा.’ तो म्हणाला, ‘हात हालतोय का नियत हालतीय?’

इतक्या वर्षांचा धंदा एका वाक्यात संपला. लोक दुसऱ्या दलालाकडे वळले. दादा तरी दर बाजाराला जायचे, बाभळीखाली बसायचे आणि दिवस कलला की परत यायचे. त्या बागाईतदाराचं मी मनातल्या मनात किती वेळा मढं बशिवलं, सांगता येणार नाही.

वर्ष सरता सरता अंग ताठरलं. आवाज बारीक झाला. चेहऱ्यावरचं हसू तर कुणी पुसून टाकल्यासारखं गेलं. आणखी एक झालं, ज्याचा अर्थ मला खूप पुढे लागला. घराजवळची विहीर आटली होती, पाणी ओढ्यापलीकडून आणावं लागायचं. दादा रोज सकाळी बादली घेऊन आटलेल्या विहिरीवरच जाऊन उभे राहायचे. विसरले होते म्हणावं तर तसंही नाही. ‘दादा, ती विहीर आटलीय ना?’ म्हटलं की म्हणायचे, ‘व्हय, आटली हाय.’ आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. कळायचं, पण वळायचं नाही. आई तोंडाला पदर लावून रडायची.

नगरच्या डॉक्टरांनी दादांना चालायला लावलं, हात हलवून पाहिला आणि सांगितलं, ‘ह्यांच्या मेंदूत एक रस कमी पडतोय. तो भरून काढणारी गोळी नवीनच निघालीय, मुंबईहून मागवावी लागेल.’ घरात वाचता येणारी मी एकटीच, नुकती मॅट्रिक झालेली. म्हणून गोळ्यांची बाटली माझ्या ताब्यात आली. पहिल्या दिवशी दोन दिल्या आणि दादा घडाघडा ओकले.

आईनं लगेच निदान केलं. ‘औषिद गरम हाय. दुधासंगट द्याया पायजे.’ दावणीला म्हैस होती. मग प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर दूध सुरू झालं. ओकाऱ्या थांबल्या. पण गुणही येईना. मी नगरला जाऊन सांगायचे, डॉक्टर गोळ्या वाढवायचे. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ झाल्या. दादा होते तिथेच.

कित्येक वर्षांनी कॉलेजच्या वाचनालयात एका पानावर मला ते कोडं सुटलेलं दिसलं, आणि मी तिथेच कपाळ बडवून घेतलं. दुधातली प्रथिनं आणि ती गोळी आतड्यातून एकाच दारानं आत जातात. दारात गर्दी दुधाची, गोळी बाहेर ताटकळत उभी. आमच्या आठ म्हणजे खरं तर दोन-तीनच होत्या. हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नसावं. आईला तर कुठून असणार? तिनं घरातलं होतं नव्हतं ते चांगलं नवऱ्याच्या तोंडात घातलं होतं.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. म्हैस आटली, वैरण संपली, आणि मामा येऊन तिला आपल्या गावच्या चारा-छावणीत घेऊन गेला. चहा कोरा झाला. दादांच्या गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर जायला लागल्या. आठच्या आठ. मीच द्यायचे, माझ्या ह्याच हातानं.

आठवडाही गेला नसेल. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मागून आवाज आला, ‘आगं, चहा टाकतीस का न्हाई?’ जुना, बाजारात घुमणारा आवाज. वळून बघते तर दादा दारात उभे, धोतर स्वतःच्या हातानं नेसलेलं, उपरणं खांद्यावर. मी परातीतला हात तसाच धरून बसले. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. ‘बघ.’ हात स्थिर होता. मी त्या पिठाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली आणि ओरडून रडले. आईनं शिंगणापूरला शनिदेवाला तेल बोललेलं होतं. तिनं मामाला परत बोलावून घेतलं आणि त्याच्या हातून तेल वाहवलं. ‘सुटली पीडा,’ म्हणत ती दिवसभर येईल त्याला गूळ देत होती. घरात तेवढाच खडा उरला होता.

माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस किती म्हणाल, तर ते नऊ-दहा.

पुढच्या बाजाराला दादा गेले. दुष्काळातला बाजार म्हणजे काय, ते पाहिलेल्यालाच कळतं. चहूकडून लोक जनावरं घेऊन येत होते आणि घेणारा कुणी नव्हता. दोन बोटांच्या जनावराला कुणी एक बोट द्यायला तयार नाही. दुपारी दादा परत आले ते एक खिल्लार बैल घेऊन. ‘लई सस्त्यात घावला गं! आसं जनावर पुना मिळतंय व्हय?’ डोळे लकलक करत होते. आई माझ्याकडे बघायला लागली. दलालानं स्वतःसाठी जनावर घ्यायचं नसतं, हा दादांचाच नियम होता. आणि घरात पेंडीभरसुद्धा कडबा नव्हता.

पुढच्या बाजाराला दोन आणले. त्याच्या पुढच्या बाजाराला तीन. मध्ये दुसऱ्या गावचा बाजार असला तर तिथेही जायचे. घरात जे विकण्यासारखं होतं ते गेलं, पितळी हंडे गेले, आईच्या गळ्यातली पोत गेली. मामा म्हणाला, छावणीत आता नव्या जनावराला जागा नाही. आम्ही मायलेकी कडुनिंबाचा पाला ओरबाडून आणायचो, बाभळीच्या शेंगा गोळा करायचो. सहा जनावरांना त्यानं काय होतंय? डोंबल!

मी भांडले. भांडायला मी लहानपणापासून पटाईत. म्हटलं, ‘दादा, चारा कुठंय? पाणी कुठंय? मारायला आणता का ही जनावरं?’ दादा शांतपणे ऐकून घ्यायचे. ‘तुजं खरं हाय, पोरी. आता बास. आता एक बी न्हाई.’ मनापासून म्हणायचे, त्यात लबाडी नव्हती. बाजाराच्या दिवशी सकाळी पुन्हा उपरणं खांद्यावर. मी दारात आडवी उभी राहिले तर मला बाजूला करून गेले. माझा बाप, ज्यानं मला कधी साधं बोट लावलं नव्हतं.

ह्याचं उत्तर मी पुढे पुस्तकांत हुडकलं. खरं सांगायचं तर त्यासाठीच शिकले. आपल्या कपाळामागं मेंदूचा जो भाग आहे, तो बेत आखतो, आवरतो, ‘थांब’ म्हणतो. तिथल्या पेशींचे एकमेकींशी लाखो सांधे असतात आणि ते दगडाचे नसतात. रोजच्या अनुभवानं घट्ट होतात, सैल होतात. शिकणं म्हणजे तेच. कुठला सांधा घट्ट करायचा, ह्यात डोपामिनचा शब्द चालतो. अपेक्षेपेक्षा चांगलं घडलं की ते वाढतं, आणि त्या घडीला जागे असलेले सांधे पक्के होतात. वाईट घडलं की ते ओसरतं, आणि माणूस धडा घेतो. फार कमी असेल तर नवा धडा चिकटतच नाही. दादा आटलेल्या विहिरीवर जायचे ते म्हणून. आणि गोळीतून भसाभसा आलेलं डोपामिन वाईट घडल्यावर ओसरत नाही. स्वस्तात बैल घावल्याचा आनंद पक्का होत जातो. बैल उपाशी मरतोय, हा धडा बसायला जागाच राहत नाही.

पोरं विचारायची, ‘पण बाई, औषधानं हात तर बरा झाला ना?’ झाला. हात चालवणारा भाग कोरडा पडला होता, कपाळामागचा अजून तेवढा कोरडा नव्हता. एका वाफ्याला पाणी पुरेना म्हणून पाटाचं दारं सताड उघडावं आणि शेजारचा वाफा पाणी साचून चिबडून जावा, तसं झालं. वर्गातल्या नगरकडच्या पोरांना हे लगेच कळायचं.

पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की जिवंत बाप माझ्यासमोर फिरतोय आणि माझा बाप घरात नाही.

तो पहिला खिल्लार बैल एका सकाळी बसला तो उठेना. मान जमिनीला टेकलेली, डोळ्याच्या कडेला माश्या. आई त्याच्या तोंडात ओंजळीनं पाणी सोडत होती, ते बाहेर येत होतं. हेच दादा पूर्वी वीस पावलांवरून जनावराची कूस बघून सांगायचे, ‘हे काल सांजच्यापासून उपाशी हाय, धनी खोटं बोलतोय.’ दादा घरातून बाहेर आले. बैल त्यांच्या वाटेतच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पुढच्या पायांवरून पाय उचलून पलीकडे टाकला, आणि म्हणाले, ‘आज बाजार लई मोठा भरनार बघ.’

ते दिसेनासे झाल्यावर मी घरात गेले, गोळ्यांची बाटली घेतली आणि ज्वारीच्या रिकाम्या कणगीत तळाशी टाकली. आईलाही सांगितलं नाही. दादांना म्हटलं, मुंबईहून माल आला नाही. असं एकदम तोडलं तर माणूस दगावू शकतो, हे आज मी कुणालाही ओरडून सांगेन. तेव्हा मला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी चाल मंदावली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागला. चौथ्या दिवशी दादा ओसरीवरच्या बाजेवर ओंडक्यासारखे पडले. कूस बदलायला आम्ही दोघी लागायचो. पेज भरवली तर तोंडातच राहायची. आई म्हणत होती, ‘देव कोपला गं, तेल कमी पडलं आपलं,’ आणि मी कणगीकडे पाठ करून बसायचे. आई, देव नाही कोपला. मी कोपलेय. हे ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. मामानं हातापाया पडून कुठेतरी जागा मिळवली आणि उरलेली जनावरं नेली. खिल्लार तोवर गेला होता. अंगणात नुसते खुंटे राहिले.

बाजेवरून दादांना ते खुंटे दिसायचे. एका दुपारी मी त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होते, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. चेहरा दगडाचा, आणि पाणी थांबत नव्हतं. ते खिल्लाराच्या खुंट्याकडे बघत होते. म्हणजे माझा बाप परत आला होता. सगळं कळत असलेला, सगळं आठवणारा, आणि बोटसुद्धा हलवता न येणारा बाप मी परत आणला होता.

मला राहवलं नाही. मी बाजेला टेकून खाली बसले आणि त्यांच्या कानाशी सगळं ओकले. ‘दादा, गोळ्या मीच लपवल्यात. दिल्या तर तुमी उठाल, पण परत तसंच व्हईल. न्हाई दिल्या तर आसंच पडून ऱ्हायाल. मला न्हाई ठरवता येत, दादा. तुमी सांगा. किती देऊ?’

ओठ हलले. आवाज नव्हता. मी कान लावला तरी नुसता श्वास. मग त्यांची नजर उशाशी ठेवलेल्या उपरण्यावर गेली आणि तिथेच थांबली.

मी उपरणं घेतलं. त्यांच्या उजव्या हातावर टाकलं, आणि माझा हात त्याखाली दिला. म्हटलं, ‘एक बी नको आसंल तर बोट धरू नका. नायतर जेवढ्या देऊ तेवढी बोटं धरा.’

त्यांचा हात आला. पहिल्यांदा एक बोट लागलं. वाटलं, एक. तेवढ्यात ते सुटलं आणि तीन लागली. मग पंजा आवळल्यासारखा वाटला, मग परत दोन, मग नुसताच कंप, माझ्या तळव्यावर टपटपणारा. एक म्हणाले का? तीन? पाच? का काहीच नको म्हणत होते, आणि हात आपला आपण हलत होता? त्या बागाईतदाराच्या हाताला काय लागलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. ज्याचं मढं मी वर्षभर बशिवत होते, त्याच्याच जागी मी बसले होते.

मी तोंड उघडलं. ‘दादा,’ एवढंच म्हणाले. तेवढ्यात त्यांचा डावा हात हलला. छातीवरून घसरत, थांबत, किती वेळ लागला कोण जाणे, तो उपरण्यापर्यंत आला. बोटांनी कड पकडली. आणि त्यांनी उपरणं उचललं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काम झालेल्या माणसाची नजर होती ती, बाजारातली. त्यांच्या बाजूनं सगळं सांगून झालं होतं.

मी उठले, कणगीत वाकले आणि बाटली काढली. दिवसाला चार. आठ नाहीत आणि शून्यही नाही, म्हणून चार. दुसरं काही कारण नाही. दादांनी पहिली गोळी मुकाट गिळली. त्यानंतर ते काही वर्षं जगले, अर्धे ताठ आणि अर्धे मोकळे. ओसरीपासून आटलेल्या विहिरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. बाजाराला पुन्हा कधी गेले नाहीत. पुढे आवाजही थोडा परत आला. बोलायचे, हसायचेसुद्धा क्वचित. चारच का, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. आणि त्या दुपारी तुम्ही किती म्हणाला होता, हे मीही शेवटपर्यंत विचारलं नाही, कारण परत विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोरीचासुद्धा आपल्या हातावर विश्वास नाही.